एका चाकाची डोली

माझं काम नक्की काय आहे, हे माझ्या आईला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. शेजारणींनी विचारलं की ती म्हणायची, "आमची मित्रा गावोगावची पोरं गोळा करते आणि त्यांना वस्तू मोडायला शिकवते." तिचं फारसं चुकत नव्हतं. बनवायच्या आधी मोडाव्याच लागतात.

माझं नाव संघमित्रा. नाते गावच्या बौद्धवाडीत वाढले, महाडला शिकले आणि महाडच्याच एका छोट्या संस्थेत नोकरी करून अलीकडे निवृत्त झाले. संस्थेची महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या गावांत युवक मंडळं होती. माझ्या हुद्द्याचं नाव ‘उपक्रम संघटक’. कागदावर शब्द भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात मी एसटीनं, नाहीतर मिळेल त्या रिक्षानं गावात जायचे. सोबत एक पत्र्याची पेटी. तीत करवत, गिरमिट, पटाशी, दोन हातोड्या, पक्कड, पाने आणि मोजायची टेप. शाळेच्या पडवीत मुलंमुली जमली की मी त्यांना एकच विचारायचे : तुमच्या गावाला अशी कुठली वस्तू हवी आहे, जी तुम्हाला स्वतःच्या हातांनी बनवता येईल? मग मंडळानं ती बनवायची आणि किमान एक पावसाळा वापरून दाखवायची. भाषण नाही, शपथ नाही.

वस्तू फसायच्या, ते तर चालूच असायचं. तुडीलच्या मुलांनी सावित्रीचं पाणी किती चढलं ते लांबून कळावं म्हणून काठावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा उंच खांब रोवला. पहिल्याच पुरात खांब वाहून गेला. मी कपाळाला हात लावला. मुलांनी पुढच्या वर्षी तेच पट्टे काठावरच्या जुन्या आंब्याच्या बुंध्यावर रंगवले. "आंबा कुठं जातोय, ताई?" मुलं म्हणाली. तो आंबा अजून आहे, पट्टेही आहेत.

या कामात एक नियम मी स्वतःला घालून घेतला होता. मुलांच्या हातातलं हत्यार आपल्या हातात घ्यायचं नाही. मुलगी करवत वाकडी चालवते आहे, फळी वाया जाते आहे, आपल्याला दोन मिनिटांत नीट करून देता येईल, तरी हात मागे. हे फार अवघड असतं. शिकवण्यापेक्षा न शिकवणं मला जास्त दमवायचं.

आणि मंडळाचं आयुष्य तसं थोडंच. बारावी झाली की मुलगे मुंबईला किंवा महाडच्या कारखान्यांत जातात, मुलींची लग्नं होतात. गणपतीत चौदा नावं लिहून घ्यावीत, तर दिवाळीनंतर सहा जण उरतात. म्हणून मी कुठल्या मंडळात फार जीव गुंतवायचा नाही असं ठरवलं होतं. एका मंडळात ते जमलं नाही. आज लिहायला बसले तर तेच डोळ्यांसमोर येतंय. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगते.

आंबेनळी घाटाच्या रस्त्यालगत, पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरावर एक वाडी आहे. पस्तीस-चाळीस घरं. सगळे तिला ‘वरचा कोंड’ म्हणतात. रस्त्यापासून वर जायला दगडी पायऱ्यांची पाखाडी, तीही निम्मी उखडलेली. मोकळ्या हातानं चढायला पाऊण तास. गाडी वर जात नाही. माणूस आजारी पडलं की त्याला डोलीतून खाली आणायचं. डोली म्हणजे एक जाड बांबू, त्याला घोंगडीची झोळी, झोळीत माणूस आणि बांबूखाली खांदे. पूर्वी वाडीत तरणे पुरुष असायचे. आठ जण निघायचे, चौघं धरायचे, चौघं बदलीला. आता तरणी माणसं मुंबईत. एरवीच्या दिवशी वाडीत राहतात बायका, म्हातारे आणि शाळेतली पोरं.

तिथल्या मंडळाच्या पहिल्या बैठकीला नऊ जण होते. काय बनवायचं विचारल्यावर मुलांनी क्रिकेटचं सामान सांगितलं. मी म्हटलं, "बॅट बनवता? बनवा." मग कुणी गणपतीचं मखर म्हणालं. कोपऱ्यात एक सडपातळ मुलगी बसली होती. रेश्मा. एकोणीस वर्षांची, बारावी करून घरीच होती.

"डोली बनवूया," ती म्हणाली.

सगळे हसले. दीपक नावाचा मुलगा म्हणाला, "डोलीत काय बनवायचं? बांबू नि घोंगडी."

"चाक लावायचं," रेश्मा म्हणाली. "चार बायकांना नेता आली पायजे."

बैठक संपल्यावर मी तिला विचारलं, डोलीच का? तिनं सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी तिच्या आईला ताप चढला, शुद्ध जायला लागली. खांदे कमी पडले म्हणून सतरा वर्षांची रेश्मा बांबूखाली गेली. दर दहा पायऱ्यांवर थांबावं लागत होतं.

"आई बरी झाली ओ ताई. पण उतरताना मधेच शुद्धीवर यायची नि सॉरी सॉरी म्हणायची. मला वाटलं तापात बडबडते. मग समजलं, माझ्या खांद्याला म्हणत होती. तिचं वजन होतं ना."

एवढं बोलून ती पेटीतली हत्यारं एकेक काढून बघायला लागली.

डोली बनवायला आम्हाला पाच महिने लागले. पहिल्यांदा सायकलचं चाक लावलं. दगडांचं पोतं ठेवून पाखाडीवर नेलं, तर तिसऱ्या वळणावर चाकाच्या तारा वाकल्या आणि पोतं माझ्या पायाशी येऊन पडलं. मग स्कूटरचं चाक. ते मजबूत होतं, पण लहान, दर पायरीला अडायचं. शेवटी पोलादपूरच्या एका गॅरेजवाल्यानं जुन्या मोपेडचं चाक दिलं. उंच, जाड तारांचं. ते बसलं. कळकाचे दोन लांब बांबू, मधोमध चाक, वर नवार विणलेली खुर्चीसारखी बैठक, पाठ मागे पाडायला खुंटी. पुढे दोघं, मागे दोघं, आणि उतारावर आवरून धरायला एक दोर.

रोज संध्याकाळी हे चालायचं तेव्हा बांधावर एक म्हातारा बसलेला असायचा. बाबू तात्या. सत्तरी ओलांडलेला, पण पाठ ताठ. अख्ख्या वाडीच्या डोल्या त्यानं उचलल्या होत्या. कुठल्या वळणावर कुठला दगड हलतो ते त्याच्या पायाला माहीत होतं.

"ही डोली हाय का भाजीची गाडी?" तो विचारायचा.

रेश्मा वर न बघता म्हणायची, "तात्या, बसून बगा एकदा."

"मी कशाला बसू? चाकाला दगड कळत नाय. माणसाच्या पायाला कळतो."

तात्याची बायको पार्वतीकाकी. बुटकी, चपळ, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. ती भाताचा भारा डोक्यावर घेऊन जाता जाता थांबायची आणि नवऱ्याला म्हणायची, "पोरी काय तरी करतायत तर करू द्या की. तुमचा काय बांबू मोडला काय?" मुली फिसकन हसायच्या. तात्या विडी काढायचा.

पहिल्यांदा माणूस बसवायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, मी बसते. रेश्मा म्हणाली, "नाय, मी बसणार. पडली तर माझ्या डोलीतनं मी पडणार." बसली. डोळे घट्ट मिटले. चौघी पोरींनी तिला शाळेपासून खालच्या ओढ्यापर्यंत नेलं. ओढ्यापाशी तिनं डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाली असेल? "डाव्या बाजूचा बोल्ट ढिला हाय."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला इतका अभिमान क्वचित वाटला असेल. आणि त्या अभिमानानंच माझ्याकडून चूक करवली.

दर हिवाळ्यात संस्थेचा महाडला मेळावा असायचा. सगळी मंडळं आपापल्या वस्तू आणून मांडायची, पाहुणे यायचे, बक्षिसं व्हायची. मला वरच्या कोंडाची डोली तिथं हवीच होती. मी रेश्माला सांगितलं, डोली घेऊन ये, आणि उचलून दाखवायला तुमच्यातल्या चार जणी आण. ज्या सगळ्यांत तयार आहेत त्या.

ती म्हणाली, "ताई, गावात डोली नसली, आमी पण नसलो, नि कुणाला काय झालं तर?"

"अगं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," मी म्हटलं. "दोन दिवसांत काय होतंय?"

हे वाक्य मी किती सहज बोलले होते! आजही कुणी माझ्यासमोर ‘दोन दिवसांत काय होतंय’ म्हटलं की माझी मान आपोआप खाली जाते.

मेळाव्यात डोली सभागृहाच्या दारापाशीच मांडली होती. कुणीतरी तिच्यावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली. पाहुण्यांनी कौतुक केलं, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी बक्षिसं सुरू झाली. पहिलं बक्षीस वरच्या कोंडाला. रेश्माचं नाव पुकारलं. ती खुर्चीतून उठली आणि तिच्या हातातला फोन वाजला. तिच्या आईचा होता. वाडीत सगळीकडे रेंज नसते. शाळेमागच्या दगडावर चढून फोन करावा लागतो. कारणाशिवाय तिथं कुणी चढत नाही.

फोन कानाला लावून ती तशीच उभी राहिली. स्टेजवरून तिचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं. ती माझ्याकडे वळली.

"पार्वतीकाकी पडली. पेंढा काढताना उडवीवरनं. पाय हलवता येत नाय."

आम्ही बक्षिसाला थांबलो नाही. दीडेक तास खटपट केल्यावर एक टेम्पो मिळाला, त्याच्या टपावर डोली बांधली. मुली मागे बसल्या. डोली बांधता बांधताच एकीनं हळूच तिच्यावरची ती चिठ्ठी फाडून खिशात घातली होती.

आम्ही पाखाडीच्या पायथ्याशी पोचलो आणि वरून जुनी डोली उतरताना दिसली. बांबूच्या पुढच्या टोकाखाली स्वतः तात्या. त्याच्या बरोबरीनं रेश्माची आई. मागे दोन बायका आणि एक म्हातारा. पाऊण तासाच्या वाटेला त्यांना तीन तास लागले होते. झोळीत काकी मुटकुळं होऊन पडली होती. खुब्याचं हाड मोडलेलं माणूस झोळीत कसं राहणार? दर पायरीला हिसका. तिनं ओठ इतका दाबून धरला होता की त्यातून रक्त आलं होतं. ओरडली मात्र नव्हती.

तात्यानं बांबू खाली ठेवला. त्यानं टेम्पोच्या टपावर बघितलं. डोली तिथं दोरीनं बांधलेली होती, धुऊन पुसून चकचकीत. तो काही बोलला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

काकीला टेम्पोत आडवं घातलं. महाडला नेलं, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. शस्त्रक्रिया झाली. मी डॉक्टरांना एकटीनं गाठून विचारलं, नीट आणलं असतं तर इतकं झालं नसतं का? ते तरुण होते, प्रामाणिक होते. म्हणाले, "सांगता येत नाही."

हे ‘सांगता येत नाही’ मी अजून जपून ठेवलंय. हो म्हणाले असते तर रडून मोकळी झाले असते.

त्यानंतर रेश्मानं महिनाभर माझा फोन उचलला नाही. मीही पेटी घेऊन त्या रस्त्यानं जायचं टाळलं, दुसऱ्या गावांना गेले. शेवटी एका सकाळी मनाचा हिय्या करून निघाले. पेटी मुद्दाम घरी ठेवली. पाखाडी चढताना मी काय बोलायचं ते घोकत होते. वर पोचले तर शाळेच्या पडवीत डोली उलटी टाकलेली, रेश्मा हातात पाना घेऊन बसलेली आणि तिच्या समोर उकिडवा बसून बाबू तात्या तिला काहीतरी समजावत होता.

रेश्मानं मला बघितलं. उठली नाही.

"तुमी बोलला होतात, दोन दिवसांत काय होतंय," ती म्हणाली.

"हो. बोलले होते."

"चुकलंच ना ते?"

"चुकलं."

घोकलेलं सगळं त्या एका शब्दात संपलं. तिनं पाना खाली ठेवला, सरकून मला बसायला जागा केली.

"मंग ठीक हाय. आता ही गावाबाहेर जाणार नाय. कुणाला बगायची असंल तर त्यानं वर यायचं."

मी म्हटलं, कबूल.

मग तात्या माझ्याकडे वळला. "बाई, तुमची गाडी चांगली हाय. पण माणूस उलटा बसवलाय तुमी."

मला कळेना. आमच्या बैठकीचं तोंड पुढे होतं, म्हणजे उतरताना दरीकडे. तात्या म्हणाला, "उतारावर म्होरं तोंड करून बसला तर माणूस म्होरं घसरतो. भ्यातो. फिरवा त्याला. तोंड वरच्या अंगाला. पाठ टेकून ऱ्हाईल, घसरायचा नाय. नि मागं जो धरतो ना, तो त्याच्या म्होरं येतो. तिथं घरचं माणूस ठेवायचं. त्याचं तोंड दिसलं पायजे."

हे साधं गणित पाच महिने आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "तात्या, हे आधी का नाही सांगितलं?"

त्यानं उलट्या डोलीचं चाक हातानं जरा फिरवलं.

"आधी मला तरी कुठं ठावं होतं? इतकी वरसं मी म्होरं असायचा. झोळीतल्या माणसाला काय दिसतं ते कधी बघितलं नाय. त्या दिवशी ती तीन तास माझ्या पाठीशी बोलत होती. काय तरी सांगत होती. मला ऐकू येत नव्हतं. वळता पण येत नव्हतं."

रेश्मानं पाना उचलला आणि बैठकीचे बोल्ट काढायला लागली. मी हात मागे बांधून बसले. त्या दिवशी ते अवघड गेलं नाही.

त्यानंतर तात्या मंडळाचा सभासद झाला म्हणायला हरकत नाही. पोरींना त्यानं पाखाडीची एकेक पायरी शिकवली. पुढच्यानं ओरडायचं, "हलता दगड, डावा!" आणि मागच्यानं तेच परत म्हणायचं, म्हणजे ऐकलं हे कळतं. दोर कमरेला गुंडाळायचा नाही, कारण माणूस घसरला तर दोरवालाही जातो. अशा किती गोष्टी! मी त्या वहीत लिहून घेतल्या. पुढे दुसऱ्या वाड्यांत डोल्या बनल्या तेव्हा ती वही माझ्या पेटीपेक्षा जास्त कामाला आली.

इकडे काकी दवाखान्यातून सुटली ती पोलादपूरला लेकीच्या भाड्याच्या खोलीत. खाली, रस्त्यालगत. काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालायची. डॉक्टरांनी चढायचं नाही म्हणून सांगितलेलं. तात्या आठवड्याला खाली यायचा, भाजी, तांदूळ ठेवायचा, तासभर बसायचा, परत जायचा. मी त्या बाजूला गेले की डोकावत असे. प्रत्येक वेळी ती जरा जास्त बारीक झालेली वाटायची. शेणी थापल्या का, म्हशीनं दूध किती दिलं, फणसाला किती लागलेत, एवढंच विचारायची. एकदा म्हणाली, "इथं रातदिस गाड्यांचा आवाज. लेकीचं घर हाय, चांगलं हाय. पण सकाळी उठून करायचं काय, ते समजत नाय."

उन्हाळा सरत आला तेव्हा रेश्मा मला घेऊन तिच्याकडे गेली. तात्याही होता.

"काकी," रेश्मा म्हणाली, "पावसाच्या आत घरी चल. डोलीतनं नेतो."

काकी हसली. "डोलीतनं माणूस खाली येतो गो. वर कोण जातो? या वयात नवरीवानी मिरवत जाऊ?"

खरंच होतं ते. डोलीतून खाली आलेलं माणूस बरं झालं तर आपल्या पायांनी चढायचं, नाहीतर खालीच राहायचं. आम्हीसुद्धा डोलीचा विचार फक्त खाली न्यायला केला होता. परत आणायचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

"या डोलीत अजून खरं आजारी कोणी बसलेलं नाय," रेश्मा म्हणाली. "कुणीतरी पयलं बसायला पायजे."

"म्हंजे माझ्यावर शिकणार तुमी?"

"हो," रेश्मा म्हणाली.

काकीनं नवऱ्याकडे बघितलं. तात्या म्हणाला, "बस तू. मी म्होरं चालतो."

"तुमी मागं चाला," काकी म्हणाली. "म्होरं गेलात की तुमाला ऐकू येत नाय."

मे महिन्यात वाडी भरलेली असते. मुंबईहून मुलगे, पुतणे, सगळे सुट्टीला आलेले. ठरलेल्या सकाळी पायथ्याशी वीसेक जण हजर. दीपकही होता, तोवर मुंबईत नोकरीला लागलेला, अंगानं भरलेला. म्हणाला, "बाजूला व्हा गो. आम्ही चौघं अर्ध्या तासात नेतो. नो टेन्शन."

रेश्मा डोलीसमोर उभी राहिली. "नाय. तुमी सोमवारी जाणार. पावसात ज्या इथं असणार त्याच उचलणार."

सहा जणी होत्या. त्यांत रेश्माची आईसुद्धा. काकीला बसवलं, पट्टा लावला. चढाला माणसाचं तोंड वरच्या अंगाला म्हणजे पुढेच येतं. उतरताना घराकडे बघत उतरायचं, चढताना घराकडे बघत चढायचं. हे तात्यानं काही काव्य म्हणून सांगितलं नव्हतं. माणूस घसरू नये म्हणून सांगितलं होतं.

निघालो. पहिली वळणं सोपी गेली. "हलता दगड, उजवा!" "उजवा!" असे आवाज चालले होते. काकीनं दोन्ही बाजूंचे कळक घट्ट धरले होते आणि ती सारखी सूचना देत होती. "हळू गो! ए, पदर खोच आधी!" पाखाडी जिथं पूर्ण उखडली आहे तिथं, चढाच्या तोंडाशी, चाक दोन दगडांत रुतलं. पुढच्या दोघी ओढताहेत, मागच्या दोघी रेटताहेत, दोरवालीचा पाय घसरला आणि डोली एका अंगाला कलली. दीपक उडी मारून पुढे झाला.

"हात लावू नको!" रेश्मा ओरडली.

तो थबकला. मग मला दिसलं की माझाही हात पुढे गेलेला आहे. मी तो मागे घेतला. इतक्या वर्षांत हात मागे घेणं इतकं जड कधी गेलं नव्हतं, कारण तिथं फळी नव्हती, माणूस होतं.

रेश्मानं सगळ्यांना तिथंच थांबवलं. दम घेऊ दिला. मग दोघींना चाकाच्या दोन्ही अंगांना घेतलं, मोजलं, एक दोन तीन, आणि डोली उचलून वर ठेवली. चाक फिरलं. मागून तात्याचा आवाज आला, "पार्वते, बरी हायस ना?"

"ऐकू येतंय मला!" काकी म्हणाली. "तुमी दम जपा!"

वर पोचायला दीड तास लागला. अंगणाच्या कडेला काकीनं डोली थांबवायला लावली. म्हणाली, आता मी चालते. काठी घेतली, एका हातानं रेश्माला धरलं आणि अंगणातून हळूहळू चालत ओटीपर्यंत गेली. वाटेत सारवण कुठं उडालंय ते तिनं तीनदा दाखवलं. ओटीवर भिंतीला टेकून बसली. म्हैस गोठ्यातून हंबरली, तिच्याकडे बघितलं. मग तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पदरानं पुसले, घाम पुसावा तसे.

पोरी अंगणात पाय पसरून बसल्या होत्या. रेश्मा चाकाशी वाकून तारा चाचपत होती. आज ती लग्न होऊन पलीकडच्या खोऱ्यात आहे, तिथल्या बायकांकडून तिनं दोन डोल्या करून घेतल्या आहेत. मध्यंतरी भेटली तेव्हा चाकाचा नवा प्रकार सांगत होती, मला तो नीट कळलाही नाही.

मी ओटीच्या पायरीवर बसले होते. त्या घरी मी कित्येकदा गेले होते, पण पायरीच्या वर कधी गेले नव्हते. कुणी मला नको म्हटलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. चहा मिळायचा तो अंगणात. मी नाते गावच्या बौद्धवाडीतली, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. अशा गोष्टी आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नाही. माझ्या कामात मी ते सवयीनं बाजूला ठेवलं होतं.

काकीनं माझ्याकडे बघितलं.

"बाय, मी आता उठत नाय. हे म्हातारं दमलंय. तू आत जा. चूल पेटव नि चहा ठेव सगळ्यांना."

तात्या खांबाला टेकून बसला होता. त्यानं मान हलवली. "जा की," म्हणाला.

मी उठले. चपला पायरीपाशी काढल्या. ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर. आत अंधार होता, डोळे सरावायला वेळ लागला. काटक्या सापडल्या, काडेपेटी सापडली. पहिली काडी विझली, दुसरी पेटली. पाणी ठेवलं. चहाची पूड समोरच होती. साखर काही मिळेना. मी दोन डबे उघडून बघितले, एकात मीठ, एकात कुळीथ.

"काकी," मी आतून हाक मारली, "साखर कुठंय?"

"वरच्या फळीवर!" ती ओटीवरून ओरडली. "हळदीच्या मागं! नि हात आखडू नको गो, पोरी दमल्यात!"